ख्रिस्ती धर्मविचाराचें ग्रीक वस्त्र

रोह्याच्या शेजारीं वरसे नांवाचें एक गांव आहे. तेथून कुंडलिका नदीच्या खोऱ्यानें पश्चिमेकडे उतरत गेलें, म्हणजे शेवटीं चौलची खाडी लागते. नदीच्या मुखापाशीं एका बाजूस रेवदंड्याचा पडका कोट आहे आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा किल्ला आहे. या चौल बंदराचा एक फार जुना उल्लेख सांपडतो, तो संस्कृत किंवा प्राकृत ग्रंथांत नव्हे, तर एका ग्रीक पुस्तकांत. इ. स. च्या पहिल्या शतकांत ईजिप्तकडील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें सागरप्रवासाचें टिपण लिहिलें. त्यांत कल्याणच्या पुढें ‘सेमुल्ला’ म्हणून जें बंदर सांगितलें आहे, तें चौलच होय, असें विद्वान् मानतात.

त्याच शतकाच्या अखेरीस त्याच ग्रीक भाषेंत दुसरें एक पुस्तक लिहिलें जात होतें. तें योहानाचें शुभवर्तमान. परंपरेप्रमाणें तें आशिया मायनरमधील एफिसस नगरांत लिहिलें गेलें. पहिल्या पुस्तकांतील व्यापारी त्याच काळीं कोंकणच्या किनाऱ्यास लागले; दुसऱ्या पुस्तकांतील विचार या खाडींत येऊन स्थिर होण्यास मात्र पंधरा शतकें जावीं लागलीं. १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं चौलास आपलें ठाणें बांधण्यास आरंभ केला. त्यांच्यामागून पाद्री आले आणि कोटाच्या आंत ख्रिस्ती देवळें उभीं राहिलीं. पोर्तुगीज व मराठी यांच्या संसर्गानें घडलेली एक बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत आजहि ऐकूं येते.

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. गालील प्रांतांतील कोळ्यांना व शेतकऱ्यांना येशूनें जो उपदेश केला, तो आणि पोर्तुगीज पाद्र्यांनीं कोंकणांत आणलेला धर्म, या दोहोंमध्यें पंधरा शतकांचें अंतर होतें. त्या अंतरांत त्या धर्मावर कोणकोणते संस्कार झाले? आणि पुढें जेव्हां मराठी माणसांनीं त्याच धर्मास मराठी विचारांचा पेहराव देऊं केला, तेव्हां ‘येणेंकरून मूळ धर्म बिघडतो’ ही जी हरकत घेण्यांत आली, ती कितपत न्याय्य होती?

प्रथम मूळ पाहूं. येशू अरामी भाषेंत बोलत असे. त्याचे दृष्टांत पेरणीचे, मेंढरांचे, हरवलेल्या नाण्याचे. त्यांत सत्ता, गुण, द्रव्य, स्वरूप असे पारिभाषिक शब्द नाहींत. त्याच्या पाठीशीं उभी असलेली हिब्रू परंपराहि तशीच होती. हिब्रू ग्रंथांतील ईश्वर बोलतो, ऐकतो, कोपतो, कळवळतो आणि कधीं कधीं आपला निर्णय फिरवतोहि. तो विचारानें सिद्ध करावयाचा नसून त्याच्याशीं करार पाळावयाचा असतो. या परंपरेचा एक जिवंत साक्षीदार याच कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत, शतकानुशतकें नांदत होता. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल लोक येथील गांवांच्या नांवांवरून पेणकर, रोहेकर अशीं आडनांवें लावीत. शब्बाथ, सुंता आणि एकेश्वराचा उच्चार एवढ्या आचारांवर त्यांनीं आपला धर्म टिकविला. त्यासाठीं त्यांना कोणत्याहि दर्शनशास्त्राची गरज भासली नाहीं.

ग्रीकांची दृष्टि याहून अगदीं वेगळी होती. प्लेटोनें इ. स. पू. चौथ्या शतकांत असें प्रतिपादिलें कीं, डोळ्यांस दिसणारें जग क्षणोक्षणीं बदलतें. सत्य तें त्याच्या पलीकडचें, न बदलणारें. त्याचा शिष्य अरिस्टॉटल यानें विश्वाच्या मुळाशीं एक अचल चालक मानला. तो सर्वांस गति देतो, पण स्वतः हालत नाहीं. तो कोणावर रागावत नाहीं, कोणाची प्रार्थना ऐकून वितळत नाहीं. तेथें ईश्वर म्हणजे बुद्धीचें शेवटचें उत्तर होतें.

या दोन दृष्टींची गांठ ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरांत पडली. इ. स. पू. ३३१ मध्यें शिकंदरानें वसविलेल्या या शहरांत यहुद्यांची मोठी वस्ती होती आणि ती ग्रीक बोलत होती. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून तेथें हिब्रू ग्रंथांचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. त्यास ‘सत्तरांचें भाषांतर’ म्हणतात. भाषांतर झालें कीं शब्द बदलतात, आणि शब्द बदलले कीं विचाराचीं दारें उघडतात. येशूचा समकालीन असा फायलो नांवाचा यहुदी पंडित याच नगरांत होऊन गेला. मोशेचें शास्त्र आणि प्लेटोचें तत्त्वज्ञान यांत विरोध नाहीं, हें दाखविण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें. अव्यक्त ईश्वर आणि व्यक्त जग यांना जोडणारा दुवा म्हणून त्यानें जो शब्द वापरला, तो ‘लोगोस’.

या शब्दाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लोगोस म्हणजे बोल, हिशेब, युक्ति, बुद्धि. इ. स. पू. ५०० च्या सुमारास एफिससच्याच हिराक्लायटसनें हा शब्द विश्वाच्या अंतर्गत नियमास लावला. पुढें स्टोइक पंथानें लोगोस म्हणजे चराचरांत भरलेली विश्वबुद्धि असें मानलें. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ होतो तो याच शब्दानें. आणि हा लोगोस देहधारी झाला, असें तेथें सांगितलें आहे.

मात्र येथें सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्नाक या जर्मन विद्वानानें ख्रिस्ती सिद्धांतांची घडण ग्रीक बुद्धीची आहे, असें जोरानें मांडलें आणि पुष्कळांना सगळाच ख्रिस्तधर्म ग्रीक वाटूं लागला. तें बरोबर नाहीं. हिब्रू उत्पत्तिग्रंथांतहि ईश्वर केवळ बोलून जग निर्माण करतो, आणि नीतिसूत्रांत ईश्वराचें ज्ञान त्याच्या शेजारीं सखीसारखें उभें आहे. १९४७ सालापासून मृतसमुद्राजवळ कुमरान येथें जीं हिब्रू व अरामी हस्तलिखितें सांपडलीं, त्यांत प्रकाश आणि अंधार यांचा तो झगडा आढळला, जो पूर्वी केवळ ग्रीक छाप म्हणून योहानाच्या माथीं मारला जात असे. शिवाय शिकंदरानंतर पॅलेस्टाइन देशहि ग्रीक वाऱ्यापासून अलिप्त राहिला नव्हता. सारांश, शास्त्रग्रंथावर ग्रीकांचें ऋण आहे तें मुख्यतः भाषेचें. खरें मोठें ऋण आहे तें पुढें उभ्या राहिलेल्या धर्मविचारावर.

पौलाची अथेन्समधील हकीकत याचें उत्तम निदर्शक आहे. स्टोइक व एपिक्युरसपंथी पंडितांपुढें त्यानें भाषण केलें, त्यांच्याच एका कवीचा आधारहि घेतला; श्रोते ऐकत राहिले. पण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघतांच कित्येक हंसूं लागले. कारण ग्रीक मनास आत्म्याचें अमरत्व पटत होतें. देहानें पुन्हां उठावें, ही हिब्रू आशा त्यास अडाणीपणाची वाटत होती. पुढें चर्चनें या दोन्ही कल्पना एकत्र नांदविल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसऱ्या शतकांत जस्टिन नांवाचा गृहस्थ ख्रिस्ती झाल्यावरहि तत्त्वज्ञाचा झगा घालूनच वावरत असे. लोगोसचें बीज सर्व मनुष्यांत पेरलेलें आहे, म्हणून सॉक्रेटीस आणि हिराक्लायटस हेहि एका अर्थीं ख्रिस्तीच होत, असें त्याचें म्हणणें. उलट कार्थेजच्या टर्टुलियनला अथेन्स आणि यरुशलेम यांचा संबंधच मान्य नव्हता. पण त्याच्या स्वतःच्या लेखनांत आत्म्याविषयींची कल्पना स्टोइकांकडून आलेली दिसते! दाराबाहेर काढलेला पाहुणा माजघरांत बसलेला असावा, तसाच हा प्रकार झाला. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा आचार्य पँटीनस हा आधीं स्टोइक होता आणि तो हिंदुस्थानांत जाऊन आला, अशी प्राचीन चर्चच्या इतिहासकारांनीं नोंद केली आहे. त्याचा शिष्य क्लेमेंट याच्या ग्रंथांत तर बुद्धाचें नांव आढळतें.

या मंथनाचा कळस झाला तो इ. स. ३२५ मध्यें, नायसिया येथील धर्मपरिषदेंत. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस म्हणे, ईश्वर एक व अविकारी. त्याची सत्ता दुसऱ्यास वांटून देतां येणार नाहीं. तेव्हां पुत्र हा कितीहि श्रेष्ठ असला तरी निर्मिलेलाच. परिषदेनें हें मत त्याज्य ठरविलें आणि पुत्र हा पित्याशीं ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असें जाहीर केलें. हा शब्द शास्त्रग्रंथांत कोठेंहि नाहीं, ही हरकत त्या वेळींहि अनेकांनीं घेतली. पण त्यांतील खरी खुबी निराळीच आहे. शब्द ग्रीकांचा, त्यानें सांगितलेली गोष्ट मात्र ग्रीकांना कधींच रुचली नसती. जें अविकारी तें पूर्णपणें एका मनुष्याच्या ठायीं आलें, सुळावर चढलें, असें प्लेटोच्या शिष्याच्या तोंडून निघणें शक्य नव्हतें. इ. स. ४५१ च्या चाल्सिडॉन परिषदेनें एकाच व्यक्तींत दोन स्वभाव, एक दैवी व एक मानवी, असा निर्णय केला. तोहि याच कोड्याचा निकाल होता. उसना घेतलेला शब्द घेणाऱ्यास आपल्या वळणावर नेतो हें खरें. पण घेणाराहि त्या शब्दास आपल्या कामीं वांकवितो, हें तितकेंच खरें.

तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें अरिस्टॉटलची सारी परिभाषा धर्मविचारांत आणली. प्रभुभोजनांतील भाकरीचें द्रव्य पालटतें, पण रंग, चव, आकार हे गुण तसेच राहतात, हा कॅथलिक सिद्धांत त्यानें ज्या रीतीनें मांडला, ती रीत ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यास मुळींच परकी वाटणार नाहीं. तेथेंहि द्रव्य आणि गुण यांचाच व्यवहार आहे.

हेंच अरिस्टॉटलचें शास्त्र पुढें गोव्यास पोंचलें. चौलच्या ठाण्याचा कारभार जेथून चाले, त्या गोव्यांत १५५६ सालीं हिंदुस्थानांतील पहिला छापखाना सुरू झाला. त्यावर पहिल्यानें छापलीं गेलीं तीं प्रार्थनेचीं पुस्तकें नव्हेत. सेंट पॉल विद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या जाहीर वादविवादासाठीं काढलेलीं तत्त्वज्ञानविषयक प्रमेयें होतीं. या देशांतील मुद्रणाचा आरंभ असा पाश्चात्य तर्कविद्येच्या पानांनीं झाला.

याच वातावरणांत १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट पाद्री गोव्यांत उतरला. साष्टी प्रांतांत त्यानें उरलेलें आयुष्य घालविलें आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. जुनीं पुराणें वाचण्यास बंदी झालेल्या नवख्रिस्ती लोकांसाठीं तो रचलेला होता. त्याच्या मंगलाचरणांत ईश्वराला जीं विशेषणें लाविलीं आहेत, त्यांकडे लक्ष द्यावें: अव्यक्त, निर्विकार, विश्वव्यापक, अनादिसिद्ध. हीं हिब्रू संदेष्ट्यांच्या तोंडचीं विशेषणें नव्हेत. हीं अथेन्स व अलेक्झांड्रिया येथून निघून, लॅटिन ग्रंथांतून, स्टीफन्सच्या मनांत आलेलीं होतीं. नवल असें कीं, त्यांच्यासाठीं मराठींत शब्द घडवावे लागले नाहींत. ज्ञानेश्वरांपासून ते तयारच होते. ग्रीकांचा अविकारी ईश्वर मराठींत आला तो वेदान्ताच्या घरीं उतरला.

साष्टींतील ज्या कुटुंबांनीं हें पुराण देवळांत ऐकलें, त्यांना ‘निर्विकार’ परमेश्वर वधस्तंभावर कसा, हा प्रश्न पडला असेल तर तो नायसियाचाच प्रश्न होता. परंतु त्यांच्यापाशीं त्याचें एक घरचें उत्तर होतें. निर्गुण तेंच भक्तासाठीं सगुण होतें, हें ते पिढ्यान् पिढ्या ऐकत आले होते. येथेंच धर्माधिकाऱ्यांना धोका वाटला. देहधारण एकदांच झालें, अवतार अनेक होतात. हा भेद पुसला जाईल, ही भीति अगदींच निराधार नव्हती. पण तोडगा काढला गेला तो नायसियाप्रमाणें विचारानें नव्हे, तर हुकुमानें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरविलें. ग्रीक भाषेस पहिल्या चार शतकांत जो अवकाश मिळाला, तो मराठीस एका शतकाच्या आंत नाकारला गेला. १७४० सालीं रेवदंड्याचा कोट मराठ्यांच्या हातीं आला, तेव्हां तेथील देवळें ओस पडूं लागलीं. विचाराची देवघेव तर त्याआधींच थांबली होती.

ती पुन्हां सुरू झाली एकोणिसाव्या शतकांत. श्रीरामपूरच्या विल्यम केरीनें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें केलेला मराठी नवा करार १८११ सालीं छापला गेला. मराठी बायबलांत योहानाच्या लोगोसला ‘शब्द’ हा प्रतिशब्द रूढ झाला. लोगोसमधील युक्ति व हिशेब हे अर्थ त्यांत गळाले; पण शब्दप्रमाण आणि शब्दब्रह्म यांचे जुने ध्वनि आपोआप येऊन मिळाले.

ज्या मराठी मंडळींनीं स्वतःच्या बुद्धीनें हा धर्म पत्करला, त्यांनीं या वारशास तीन प्रकारांनीं उत्तर दिलें. पहिले नीळकंठशास्त्री गोरे. काशींत वाढलेल्या या चित्पावन पंडितांनीं १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि १८६० सालीं ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध केलें. न्यायाचे अनादि परमाणु आणि वेदान्ताचें निर्गुण ब्रह्म या दोहोंवर त्यांनीं शास्त्रीय पद्धतीनेंच आघात केला. परमेश्वरानें जग कशापासूनहि नव्हे, केवळ आपल्या इच्छेनें निर्माण केलें, हा प्राचीन चर्चचा प्लेटोविरुद्धचा मुद्दा होता. शास्त्रीबोवांनीं तो गौतम-कणादांच्या अनुयायांपुढें ठेवला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला आणि १९२४ सालीं तें ग्रंथरूपानें बाहेर पडलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच त्याचे खिळे जुळविले. खेड्यांतील बाईस कळेल अशी भाषा त्यांना हवी होती, आणि वेदान्ताचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांना नको होते. वस्त्रें बाजूस सारून मूळ पाहावें, हा त्यांचा मार्ग.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या भक्तांना त्यांत बोलाविलें. त्यांनीं अथेन्सच्या वाटेनें न जातां देहू-पंढरपूरच्या वाटेनें जाऊं पाहिलें. दोन वर्षांतच, १९१९ सालीं, ते निवर्तले. दरबार वाढला नाहीं, पण त्यांचीं पदें आजहि मराठी ख्रिस्ती देवळांतून म्हटलीं जातात.

तिघांचे मार्ग भिन्न असले तरी तिघांपुढील प्रश्न एकच होता, आणि त्याचें उत्तर जुन्या इतिहासानेंच देऊन ठेवलें आहे. शुद्ध, कोणत्याहि देशाचें वस्त्र न ल्यालेला असा ख्रिस्तधर्म कोंकणांत कधीं आलाच नव्हता. जो आला, तो ग्रीक वस्त्र नेसून, लॅटिन शेला पांघरून आला होता. त्या वस्त्रानें धर्म बुडाला नाहीं. उलट त्याला आपलें म्हणणें अधिक नेमकेंपणें मांडतां आलें, आणि कांहीं बाबतींत त्याचा मूळचा जिव्हाळा कमीहि झाला. लाभ आणि हानि दोन्ही झालीं. मराठी वस्त्रानेंहि तेंच झालें असतें. म्हणून ‘हा शब्द परका आहे’ एवढ्यावरून वाद मिटत नाहीं. त्या शब्दाकडून कोणतें काम करून घेतलें जात आहे, हें पाहावें लागतें. नायसियाच्या परिषदेंत हें पाहिलें गेलें. १६८४ च्या फर्मानानें तें पाहूं दिलें नाहीं.